चुकलेल्या पानांचा दाखला : कला संचालकांस अनावृत पत्र

मा. कला संचालक,
कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,



पत्राचे प्रयोजन पहिल्या ओळीत सांगून मग तपशिलात शिरावे, असा सरकारी पत्रव्यवहाराचा शिरस्ता आहे. परंतु हे पत्र आपल्या दफ्तराच्या बारनिशीत नोंदले जावे म्हणून लिहिलेले नसून चारचौघांनी वाचावे म्हणून लिहिलेले आहे, आणि ते लिहिणारा मनुष्य चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून आता पेन्शनीत निघालेला असल्यामुळे त्याच्यापाशी वेळ मुबलक आहे. तेव्हा तो शिरस्ता थोडासा मोडण्याची मुभा घेऊन मी प्रथम एका लोट्याची हकिकत सांगतो.

मी तेव्हा देशावरच्या एका बाजारपेठेच्या गावी आठवीच्या वर्गाला शिकवीत असे. सहामाही परीक्षेला वस्तुचित्र ठेवले होते : टेबलावर सुरकुत्या पाडलेले फडके, त्यावर पितळी लोटा आणि बाजूला दोन पेरू. एका मुलाच्या कागदावर लोट्याचे तोंड रुपयाच्या नाण्यासारखे पुरे वाटोळे आले होते आणि बूड फूटपट्टीने ओढल्यासारखे सरळ. चित्रकलेच्या कोणत्याही शिक्षकाला हा दोष नवा नाही. ज्या मुलाने लोट्यात हात घालून तो राखेने घासला आहे त्याला त्याचे तोंड वाटोळे असल्याचे पक्के ठाऊक असते, आणि ज्या अर्थी तो जमिनीवर न डगमगता बसतो त्या अर्थी बूड सपाट असणार हेही त्याला ठाऊक असते. समोर बसलेल्या डोळ्याला मात्र ते तोंड लंबवर्तुळ दिसते आणि बुडाची कड किंचित वक्र दिसते, आणि जे ठाऊक आहे ते बाजूस सारून जे दिसते तेवढेच कागदावर उतरवण्यास बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मोठे धाडस करावे लागते. फ्रान्समधील ल्युके या अभ्यासकाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या चित्रांतील या ज्ञातनिष्ठ आणि दृश्यनिष्ठ अवस्थांचे सविस्तर विवेचन करून ठेवले आहे. पण त्या दिवशी मला ना ल्युके आठवला, ना धाडस दिसले. मी तांबड्या पेन्सिलीने लोट्याच्या तोंडाला वेढा घातला, बाजूला 'चूक' असा शेरा मारला आणि ५० पैकी १९ गुण देऊन मोकळा झालो.

त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलीचा लोटा निर्दोष होता. तोंडाचे लंबवर्तुळ जेथल्या तेथे, मानेवरची चकाकी कागद कोरा सोडून साधलेली, सावली एका दिशेला पडलेली. तिला मी ४३ गुण दिले आणि तो कागद वर्गाच्या फळ्यावर चार दिवस टाचून ठेवला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सहज बदल म्हणून एके दिवशी मी लोट्याच्या जागी शिपायाच्या चहाची किटली ठेवली. त्या मुलीने तोच लोटा काढला, तीच चकाकी ठेवली, आणि त्याला एका बाजूने तोटी व वरून कडी जोडली. मी चकित होऊन चौकशी केली तेव्हा कळले की, गावातल्या एका शिकवणीवर्गात तिच्याकडून तो लोटा उन्हाळ्यापासून गिरवून घेतला जात होता. पोरीचा त्यात काडीचा अपराध नव्हता. तिला शिकवले ते तिने चोख केले होते.

मग मला त्या मुलाची आठवण झाली आणि मी त्याची कच्ची वही मागवली. वहीत त्याने सुट्टीत, कोणी न सांगता, अकरा पानांवर अकरा लोटे काढले होते. पहिल्याचे तोंड नाण्यासारखेच होते. तिसऱ्यावर, बहुधा माझ्या तांबड्या पेन्सिलीच्या धाकाने, तोंड अजिबात मिटून एक आडवी रेघ झाली होती. सहाव्यावर ते उघडले, पण दोन्ही टोकांना बदामासारखे टोकदार. नवव्यावर टोके वळली. आणि अकराव्या पानावर तोंड तर लंबवर्तुळ झालेच होते, पण बुडाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा किंचित अधिक भरलेला होता. दृष्टिरेषेच्या खाली जो जो जावे तो तो वर्तुळ अधिक उघडत जाते, हे मी त्या वर्गाला कधी सांगितले नव्हते. ते त्याने आपल्या घरच्या लोट्यासमोर बसून, डोळ्यांनी, स्वतः मिळवले होते.

आणि या मिळकतीची नोंद करण्यासाठी माझ्याजवळ एकही रकाना नव्हता. सहामाहीचे गुण हेडमास्तरांच्या सहीने दफ्तरी दाखल झाले होते; वार्षिक परीक्षेला वस्तुचित्र नव्हते, संकल्पचित्र होते; आणि संकल्पचित्रात त्या मुलाने पुन्हा बेताचेच गुण मिळवले. त्या वर्षाच्या निकालपत्रकाप्रमाणे शिकली ती मुलगी, आणि तो मुलगा शिकला नाही.

महाशय, आता प्रयोजन सांगतो. कलेच्या वर्गात विद्यार्थी काय शिकला ते मोजण्याच्या आपल्या राज्यात सध्या दोन रीती आहेत : एक आपल्या संचालनालयामार्फत होणारी शासकीय रेखाकला परीक्षा, जिला गावोगाव नुसते 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' म्हणतात, आणि दुसरी शाळेतले आकारिक मूल्यमापन. पहिली केवळ कागद पाहते आणि मूल पाहत नाही. दुसरीने मूल पाहावे अशी अपेक्षा होती, परंतु ती बहुतेक ठिकाणी कशालाच पाहत नाही. या दोहोंच्या मधून त्या मुलाची वही निसटून जाते, आणि तिला कोठे तरी थारा मिळावा एवढीच या पत्रातील मागणी आहे.

आपल्या परीक्षेवर टीका करण्यापूर्वी तिचे ऋण मान्य करणे मला कर्तव्य वाटते, कारण तिची चेष्टा करणे ही चित्रकारमंडळींत एक फॅशन होऊन बसली आहे. ज्या तालुक्यांत चित्रांचे प्रदर्शन कधी भरले नाही आणि भरण्याचा संभवही नाही, तेथे परीक्षेच्या दिवशी सकाळी एसटी स्थानकावर उभे राहावे : काखोटीला ड्रॉइंग बोर्ड, हातात रंगांची पेटी आणि पाण्यासाठी घरातली मुरंब्याची रिकामी बरणी घेतलेली शेकडो मुले गाडीतून उतरताना दिसतात. राज्यभर दर वर्षी लाखांच्या घरात मुले या परीक्षेला बसतात. त्या चार प्रश्नपत्रिकांपायी त्यांनी निदान एकदा तरी एखादी वस्तू समोर ठेवून तिच्याकडे तासभर पाहिलेले असते, कंपासने वर्तुळाचे भाग पाडलेले असतात, आणि अक्षर लिहिण्यापूर्वी ते बांधावे लागते हे अनुभवलेले असते. शिवाय तिच्यात एक मोठा न्याय आहे. तपासणाराला मुलाचे नाव, गाव, जात, बाप यांपैकी काहीच ठाऊक नसते. कागद बोलेल तेवढेच. शाळेतल्या शाळेत पक्षपात कसकसा शिरतो हे पाहिलेल्या माणसाला या अज्ञातपणाचे मोल समजते. म्हणून परीक्षा मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही.

पण ती कोठून आली ते विसरता कामा नये. सन १८५१ मध्ये लंडनला जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात इंग्रजांना आपला माल यंत्रावर घडलेला असूनही घडणीत फ्रान्सच्या मालापुढे ओबडधोबड असल्याचा साक्षात्कार झाला, आणि हेन्री कोल या कर्तबगार अधिकाऱ्याच्या पुढाकाराने तेथे कलाशिक्षणाचे एक सरकारी खातेच उभे राहिले. पुढे साउथ केन्सिंग्टनला स्थिरावलेल्या या खात्याकरिता रिचर्ड रेडग्रेव्ह याने जो अभ्यासक्रम बांधला, त्याच्या तेवीस पायऱ्या होत्या : आधी भूमिती, मग सपाट नमुन्यावरून रेषा, मग घनाकृती, मग प्लास्टरचे साचे, असे एकेक पाऊल टाकीत विद्यार्थ्याने वर चढायचे, आणि पायरी चुकवायची नाही. देशभरातील शाळांमधून कागद गोळा होऊन तपासणीला जात आणि मुलांच्या निकालावर शिक्षकाला अनुदान मिळे. अर्थात शिक्षकानेही मुलाला तेच गिरवायला लावले की ज्यावर पैसे मिळत. आपल्या परीक्षेच्या इंग्रजी नावातला 'ग्रेड' हा शब्दसुद्धा तिकडचाच. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली आपल्या मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीत १८६५ साली जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे दोघे दाखल झाले ते त्याच केन्सिंग्टनच्या परंपरेतून, आणि त्यांच्या मागोमाग ती रीतही आली. त्या रीतीचा हेतू मूल चित्रकार व्हावे असा नव्हताच. डोळा आणि हात कारखान्याच्या कामाला बिनचूक व्हावेत, एवढाच होता. ज्याचा हेतू बिनचूकपणा, त्याची परीक्षा एका बैठकीत एका कागदावर घेता येते, आणि त्यात गैर काहीच नाही. गैर झाले ते एवढेच की, पुढे आपण हेतू बदलला, पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांत सर्जनशीलता, अभिव्यक्ती, सौंदर्यदृष्टी हे शब्द घातले, आणि माप मात्र तेच ठेवले. शेराने दूध मोजता येते म्हणून कापडही शेरानेच मोजावे, अशातला हा प्रकार झाला.

स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका घ्या. कल्पना किती सुंदर आहे! समोर काही नाही. मुलाने पाहिलेले, साठवलेले, मनात मुरलेले कागदावर आणायचे. आणि प्रत्यक्षात काय होते? शिकवणीवाल्यांनी तीन माणसे बसवून दिलेली असतात : डोक्यावर हंडा किंवा पाटी घेतलेली बाई, छत्री किंवा काठी घेतलेला म्हातारा, आणि हात वर केलेला मुलगा. विषय 'आठवड्याचा बाजार' आला तर मुलाचा हात फुग्याकडे जातो, 'पतंग' आला तर दोरीकडे, 'पावसाळा' आला तर नुसताच पावसाकडे. तिघेही शक्यतो पाठमोरे असतात, कारण पाठमोऱ्या माणसाला चेहरा काढावा लागत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे मुलांना ही युक्ती सांगितलेली आहे, तेव्हा मी येथे फिर्यादी नसून माफीचा साक्षीदार आहे असे समजावे. या गावाला नदी आहे, त्या गावाला खाण आहे, तिसऱ्याला समुद्र आहे; पण तिन्ही गावच्या मुलांच्या कागदांवर तोच बाजार भरतो, आणि तीच तीन माणसे आपल्याकडे पाठ करून त्यात हिंडतात. हे स्मरण खरेच, परंतु ते पाहिल्याचे नव्हे, घोकल्याचे.

त्यात दहावीच्या गुणांची भर पडली. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की शालान्त परीक्षेच्या बेरजेत ७ गुण, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३, असा हिशेब झाल्यापासून ज्या पालकांनी मुलाच्या हातातली रंगपेटी 'अभ्यासाला लाग' म्हणून हिसकावून घेतली असती, तेच पालक आता रविवारी त्याला क्लासला सोडायला येऊ लागले. मी याला सर्वस्वी वाईट म्हणत नाही. त्या सात गुणांनी कित्येक शाळांत चित्रकलेचा तास वाचवला आणि त्या तासाबरोबर एखाद्या शिक्षकाची नोकरीही वाचवली, हे उघडपणे सांगायला आमचे शिक्षकबंधू लाजतात, मी लाजत नाही. मात्र सात गुणांसाठी काढलेला लोटा आणि लोट्यासाठी काढलेला लोटा यांत फरक असतो, आणि तो फरक ओळखण्याचे साधन तपासणाऱ्याच्या हाती नाही.

आता दुसरी रीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आला, आणि त्याला अनुसरून ऑगस्ट २०१० मध्ये आपल्या राज्याने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत मुकर्रर केली. तीत कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना वर्षअखेरची लेखी परीक्षा ठेवली नाही. सारे मूल्यमापन आकारिक, म्हणजे शिकता शिकता करावयाचे. दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन अशी साधने दिली आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी असे सांगितले. मला आठवते, ते परिपत्रक वाचून मी त्या रात्री नीट झोपलो नाही; वाटले, अकरा लोट्यांना अखेर रकाना मिळाला!

रकाना मिळाला, पण तो भरण्याचा माल वर्षभरात बाजारात आला. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका निघाल्या. विषयवार, इयत्तावार, शंभर शंभर वाक्ये : 'रंगसंगती आकर्षक करतो', 'चित्रे आवडीने काढतो', 'कलाकृतीत नावीन्य आणतो'. शिक्षकाने पट समोर घ्यायचा आणि पहिल्या मुलाला पहिले वाक्य, दुसऱ्याला दुसरे, असे वाटत जायचे. साठावे मूल संपले की पुढच्या वर्गाला पुन्हा पहिले वाक्य. मुलगी असेल तर 'करतो'चे 'करते' करायचे, आणि तेही गडबडीत राहून गेले म्हणून मी एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'चित्रे आवडीने काढतो' असे वाचलेले आहे. शिक्षकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीला शंभरांहून अधिक मुले असली तर कलेसाठी एक अंशकालीन निदेशक. शंभरांच्या आत असली तर तोही नाही. मग कलेची नोंद करतो तो गणिताचा किंवा भाषेचा शिक्षक, आणि त्याच्यापुढे इतर विषयांच्या नोंदींचा डोंगर आधीच उभा असतो. अशा माणसाने साठ मुलांच्या रेषा वर्षभर न्याहाळाव्यात अशी अपेक्षा करणे हा एक प्रकारचा जुलूमच म्हणावा लागेल.

मग करावे काय? याचा विचार जगात इतरत्र झालेला आहे, आणि एक विचार तर आपल्याच राज्यात, वर्ध्याजवळ झाला. नंदलाल बोस यांचे विद्यार्थी देवी प्रसाद हे १९४४ साली शांतिनिकेतनातून सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत नई तालीमच्या मुलांना त्यांनी कला शिकवली. मुलाचे एक चित्र सुटे उचलून त्याला बरे-वाईट म्हणण्यापेक्षा त्याच्या चित्रांच्या मालिकेत त्याची वाढ पाहावी, ही त्यांची दृष्टी. 'शिक्षा का वाहन : कला' हा त्यांचा ग्रंथ हिंदीत असल्यामुळे आपल्या शिक्षकांना परकाही नाही, पण आमच्या पदविकेच्या वर्गात आम्हाला लंबवर्तुळाच्या रचनेचे तीन प्रकार शिकवले गेले आणि सेवाग्रामचे नावही कोणी घेतले नाही.

दुसरे उदाहरण खुद्द इंग्लंडचे आहे, आणि त्यात एक गंमत आहे. ज्यांच्याकडून आपण ग्रेड उसनी घेतली, त्यांनी ती केव्हाच टाकून दिली. तेथे सोळाव्या वर्षी मुले जी शालान्त परीक्षा देतात, तीत कला या विषयाचे साठ टक्के गुण अभ्यासक्रमभरातल्या कामाच्या संचयाला आणि चाळीस टक्के नेमून दिलेल्या कामाला असतात. आणि त्या नेमून दिलेल्या कामाचाही विषय आधी हाती देऊन, त्यावर तयारी करू देऊन, मग दहा तास देखरेखीखाली बसवतात. गुण कशाला देतात ते तर अधिक पाहण्यासारखे आहे. चार निकष आहेत आणि चारही निकषांना समान वजन : इतरांच्या कृती अभ्यासून आपली कल्पना वाढवणे, साधने व तंत्रे यांचे प्रयोग करून काम सुधारत नेणे, पाहिलेले-सुचलेले टिपून ठेवणे, आणि शेवटी स्वतःची कृती सादर करणे. म्हणजे फळ्यावर टाचण्याजोग्या पुऱ्या झालेल्या चित्राच्या वाट्याला एकूण गुणांचा चौथा हिस्सा येतो, आणि तीन हिस्से त्या चित्रापर्यंत येणाऱ्या वाटेला. तपासतो शाळेचाच शिक्षक. मंडळाचा माणूस त्यातले काही नमुने पाहून त्याचे माप सैल आहे की कडक ते ठरवतो. माझा तो मुलगा तेथे असता तर त्याची वही हाच त्याचा पेपर झाला असता.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या शाळांमध्ये १९८० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट झिरो'ने 'आर्ट्स प्रोपेल' या नावाने एक प्रयोग केला, त्यातही मुलांनी उत्तम कामांची निवड करून ठेवण्याऐवजी फसलेले कच्चे आराखडेसुद्धा तारखेने जपून ठेवावेत आणि आपण कोठे वळण घेतले ते स्वतः सांगावे, असा आग्रह होता. परंतु या गोष्टी सांगताना दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच देशात व्हरमाँट राज्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी गणित आणि लेखन या विषयांत मुलांच्या कामाचे संचय राज्यभर तपासून पाहिले, तेव्हा एकाच संचयाला दोन परीक्षकांनी दिलेले गुण जुळेनात. गणित आणि लेखनाची ही कथा, तर चित्रांची काय होईल? आणि आपल्याकडे तर याहून वेगळे भय आहे. विज्ञानाचे प्रकल्प ज्या दुकानात तयार मिळतात, त्याच दुकानात पुढच्या वर्षी अकरा लोट्यांची तयार वही टांगलेली दिसेल, पहिल्या पानावर मुद्दाम चुकवलेल्या तोंडासह! वहीला गुण लावले की वही मेली, हे मी चौतीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत, आणि त्यांतली पहिली म्हणजे वहीला गुण नकोत. एलिमेंटरीला किंवा इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलाने वर्षभराची एक कच्ची वही ठेवावी, पानांवर तारखा आणि अनुक्रमांक असावेत, पान फाडू नये, एवढाच नियम. श्रेणी आपल्या परीक्षकाने कागद पाहून, मुलाचे नाव न पाहता, आजच्या इतक्याच निष्ठुरपणे द्यावी. मात्र प्रमाणपत्रावर श्रेणीच्या खाली एका ओळीची जागा ठेवावी, ती शाळेच्या शिक्षकाने भरावी, आणि त्या ओळीत वहीच्या निदान दोन पानांचे क्रमांक असलेच पाहिजेत : 'पान १ ते पान ११ : लोट्याचे तोंड आणि बूड यांतील फरक स्वतःच्या निरीक्षणाने साधला.' पुस्तिकेतले वाक्य येथे चालणार नाही, कारण पुस्तिकावाल्याला पान क्रमांक ठाऊक नसतो. शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने दहा वह्यांतून एखादी उघडून ती दोन पाने पाहावीत. आमच्या शिक्षकांना एकमेकांच्या वर्गात डोकावण्याची सवय नाही, ती या निमित्ताने लागली तर बरेच. ज्या शाळेत कलाशिक्षकच नाही तेथे ही ओळ कोण लिहील, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते संचालनालयापेक्षा मंत्रालयाने देण्याचे आहे. तेथली ओळ कोरी राहू द्यावी. कोरी ओळ असलेली प्रमाणपत्रे तालुक्यातून किती निघाली, हा आकडा आपोआप तयार होईल आणि कोणाच्या तरी टेबलावर पडेल.

दुसरी मागणी वस्तुचित्राविषयी. अर्धा वेळ झाला की मुलांना उठवून दुसऱ्या जागी बसवावे आणि त्याच मांडणीचे पेन्सिलीने एक लहानसे रेखाटन करून घ्यावे. ज्याने पाहून काढले त्याचा लोटा फिरेल, पेरू लोट्याआड जाईल. ज्याने पाठ करून काढले त्याचा लोटा जागचा हलणार नाही. याला खर्च एका पाव कागदाचा आहे, आणि शिकवणीवर्गांवर बंदी घालण्याच्या वल्गना करण्यापेक्षा तो स्वस्त पडेल.

तिसरी स्मरणचित्राविषयी. 'बाजार' आणि 'जत्रा' हे विषय काही वर्षे विश्रांतीला पाठवावेत. 'शाळेच्या फाटकातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला जे दिसते ते काढा', 'घरात पाणी साठवण्याची जागा काढा', 'तुम्ही रोज ज्या रस्त्याने येता त्यावरचे एक वळण काढा', असे विषय दिले तर नाशिकच्या क्लासमध्ये बसवलेली तीन माणसे गडचिरोलीच्या पाणवठ्यावर उपरी वाटू लागतील. परीक्षकाने ते फाटक पाहिलेले नसते ही अडचण खरी. पण ज्याने चित्रे तपासण्यात आयुष्य काढले, त्याला पाहिलेले फाटक आणि ऐकलेले फाटक यांतला फरक कागदावर ओळखू येतो, असा माझा विश्वास आहे. दहा ठिकाणी तो चुकेलही. आज तो किती ठिकाणी चुकतो ते कळण्याची सोयच नाही.

दहावीच्या गुणांविषयी मी मुद्दाम काही मागत नाही. ते काढून घ्यावेत असे मला सकाळी वाटते, आणि ज्या शाळांचे ड्रॉइंगचे तास त्या गुणांच्या आधाराने उभे आहेत त्यांची नावे आठवली की संध्याकाळी तसे वाटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची भाषा आली आहे, त्यात मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन करावे असेही म्हटले आहे. तिच्यातून काय निघते ते पाहायचे. २०१० चा अनुभव गाठीशी असल्यामुळे या खेपेस मी झोप मोडू दिलेली नाही.

आता त्या वहीचे शेवटचे सांगून पत्र पुरे करतो. अकरा लोटे पाहून झाल्यावर मी त्या मुलाला म्हटले, 'अरे, ही वही माझ्याजवळ ठेवायला देशील का? पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायची आहे.' तो संकोचला. वही माझ्या हातातून परत घेऊन त्याने ती पहिल्या पानावर उघडली, ते नाण्यासारखे तोंड क्षणभर हाताने झाकले, आणि मला विचारले, 'देतो की सर. पण आधीची चुकलेली पानं फाडून देऊ का?'

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक